रोपांसाठी लावलेले बल्ब फार तापत असतील तर काय करावे?

चंदेरी कागद लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टांगलेले एलईडी बल्ब तासाभरात हात लाववत नाही इतके तापतात आणि त्यांतला एक मधूनच विझून थोड्या वेळाने आपोआप लागतो, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते दोष बहुधा बल्बचा नसून कोंडलेल्या हवेचा आहे. मात्र आधी होल्डर तपासा, कारण आगीचा खरा धोका तिथे असतो.

मुख्य स्विच बंद करून, बल्ब पूर्ण निवल्यावर तो काढा आणि होल्डरच्या आतला भाग उजेडात नीट पाहा. प्लास्टिकवर तपकिरी डाग, ठिसूळ झालेली कड, जळका वास किंवा बल्ब जिथे टेकतो त्या धातूवर काळा थर आढळला, तर जोड सैल असून उष्णता तिथेच निर्माण होत आहे असे समजावे. असा होल्डर घासूनपुसून पुन्हा वापरू नये, बदलूनच टाकावा. चंदेरी कागदातून वीज वाहते, त्यामुळे तो होल्डर आणि वायर यांच्यापासून दूरच असला पाहिजे. या गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष होते.

होल्डर निर्दोष असेल तर खोक्याकडे वळू. एलईडीची उष्णता प्रकाशासोबत फारशी खाली येत नाही. ती बल्बच्या मानेपाशी, जिथे ड्रायव्हरचे, म्हणजे एलईडीला योग्य प्रमाणात वीज पुरवणारे, सर्किट असते तिथे साठते आणि भोवतालच्या हवेनेच ती वाहून न्यावी लागते. बल्ब उलटा टांगलेला असल्यामुळे नेमका हाच भाग वर येतो आणि खोक्यातली गरम हवाही वरच जमते. काही ड्रायव्हरमध्ये ठरावीक तापमानाला वीज तोडण्याची सोय असते. तुमचा बल्ब विझून पुन्हा लागतो तो बहुधा त्यामुळेच. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचे) आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीमागे साधारण निम्मे होते, म्हणून असे बल्ब वेष्टनावर लिहिलेल्या तासांच्या कितीतरी आधी जातात.

तेव्हा खोक्याचे झाकण काढा, एक बाजू मोकळी करा आणि लहान पंखा मंद गतीने बल्बच्या उंचीवर आडवा फिरू द्या. त्या झुळकीने रोपांचे देठही बळकट होतात. बल्ब उंच नेण्याची घाई मात्र करू नका, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड जवळपास चौथाईवर येतो आणि रोपे लुकडी होऊन लवंडतात. पानांच्या शेंड्यापाशी हाताची मागची बाजू अर्धा मिनिट धरा: चटका जाणवला तरच बल्ब वर घ्या. बहुतेक भाजीपाल्याच्या रोपांना २० ते २५ अंश मानवतात. बल्ब चालू ठेवण्याचे तास कमी करून तापणे थांबत नाही, कारण तो तासाभरात आपले स्थिर तापमान गाठतोच. दिवसाला १४ ते १६ तास उजेड पुरे, तो रोपांना अंधारही लागतो म्हणून. (जुने तारेचे बल्ब असतील तर पुठ्ठ्याच्या खोक्यात ते मुळीच नकोत; त्यांची ९० टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच जाते.)

हवा मोकळी केल्यावरही तोच बल्ब विझत राहिला, तर त्याची शेजारच्या बल्बशी अदलाबदल करा. दोष बल्बबरोबर गेला तर बल्ब टाकून द्या. दोष जागच्या जागी राहिला तर तो होल्डर इलेक्ट्रिशियनला दाखवेपर्यंत चालू करू नका.