गुलामगिरी तर कधीच संपली ना, मग आजच्या काळात "मॉडर्न स्लेव्हरी" म्हणजे नक्की काय?

संपली कुठे हो, फक्त साखळदंड दिसत नाहीत. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, 2022 चा रिपोर्ट आहे, त्यात 2021 मध्ये जगात जवळपास 5 कोटी लोक अशा अवस्थेत होते, 2.8 कोटी जबरदस्तीच्या मजुरीत आणि 2.2 कोटी बळजबरीच्या लग्नात.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले, त्यामुळे जवळचंच सांगते. झाबुआ-अलीराजपूरकडची आदिवासी कुटुंबं कामासाठी गुजरातेत जातात, कित्येकदा ठेकेदाराकडून आधी उचल घेऊन, आणि ठेकेदार वाईट निघाला की हिशोब त्याच्याच वहीत, मजुरी कमी, खाडे कापलेले, कर्ज फिटतच नाही, निघायचं म्हटलं की धमकी. हीच वेठबिगारी, इकडे बंधुआ मजदूरी म्हणतात. माणूस स्वतःच्या पायाने गेला म्हणून तो मोकळा आहे असं नाही, हे आपल्या लोकांना पटवताना माझा जीव जातो! ट्रॅफिकिंगमध्येही, म्हणजे माणसांच्या तस्करीतही तसंच, दरवेळी पळवून नेत नाहीत, कित्येकदा नोकरी किंवा लग्नाचं आमिष दाखवूनच नेतात.

कायदा आहे हो, 1976 चा, त्यात वेठबिगाराचं कर्जच रद्द होतं, फेडायचं नसतं. आणि 1982 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हेसुद्धा राज्यघटनेच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरीच.

कुणाच्या घरात लहान पोरगी कामाला ठेवलेली दिसली, शाळेत जात नसेल, बाहेर पडू देत नसतील, तर प्लीज 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मोठ्या माणसांसाठी कलेक्टर किंवा एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) लेखी तक्रार द्या.