तेवढ्याच पैशांत नवी लहान लक्झरी एसयूव्ही घ्यावी की चार-पाच वर्षं जुनी मोठी?

तुमचा प्रश्न असा आहे: बजेट ठरलंय. त्यात बीएमडब्ल्यू एक्स-३, मर्सिडीज जीएलसी, ऑडी क्यू-५, व्होल्वो एक्ससी-६० या वर्गातली नवी कोरी गाडी बसते, नाहीतर बीएमडब्ल्यू एक्स-५, मर्सिडीज जीएलई, ऑडी क्यू-७ या वरच्या वर्गातली चार-पाच वर्षं जुनी. घरात चार माणसं, वर्षाचं रनिंग साधारण १२,००० किलोमीटर आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवायची. मोठी गाडी जास्त सुरक्षित, असंही तुम्हाला वाटतं. कोणती घ्यावी?

मी म्हणेन, दोन्ही सोडा. ज्या वर्गातली नवी तुम्हाला परवडते त्याच वर्गातली तीन वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली गाडी शोधा आणि जे पैसे वाचतील त्यातले निदान निम्मे तिच्या देखभालीसाठी वेगळे काढून ठेवा.

कारण साधं आहे. जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. समजा एक्स-५ तुम्हाला निम्म्या किमतीत मिळाली. उद्या तिचा एलईडी हेडलाइट फुटला तर तो नव्या एक्स-५च्या मालकाला जेवढ्याला पडतो तेवढ्यालाच तुम्हालाही पडेल. आतला बल्ब बदलून भागत नाही, बहुतेक वेळा अख्खं युनिट बदलावं लागतं. ब्रेक डिस्क, टायर, टर्बो, सेन्सर, मेकॅनिकची मजुरी, सगळ्याचं तसंच. म्हणून माझा ठोकताळा असा: जी गाडी नवी घ्यायची आपली ऐपत आहे, तीच जुनी घ्यावी.

हे मी अनुभवाने शिकलो. माझी पहिली जुनी लक्झरी एसयूव्ही पाच वर्षांची होती आणि माझ्या ऐपतीपेक्षा एक पायरी वरची होती. मी ती दुपारी बघायला गेलो. इंजिन आधीच गरम होतं, गाडी धुऊन-पुसून सावलीत लावलेली, चालवली तर खड्डे कळतसुद्धा नव्हते. तिला एअर सस्पेन्शन होतं, म्हणजे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे, आणि त्यावरच भाळून मी व्यवहार केला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाहेर आलो तर गाडी मागून डावीकडे कललेली. उजव्या मागच्या चाकावर, टायर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत माझी चार बोटं जात होती. डावीकडे एकही जाईना. इंजिन सुरू केलं, खालून कंप्रेसरची घरघर ऐकू आली आणि बघता बघता गाडी सरळ झाली. सरळ झाली म्हणून मी पुढचे दोन महिने तशीच वापरली, आणि इथेच चुकलो. हवेच्या रबरी फुग्याला चीर गेली होती. हवा रात्रभर गळायची आणि ती भरून काढायला कंप्रेसर दिवसभर राबायचा. शेवटी तो जळाला. मागचे दोन्ही फुगे, कंप्रेसर आणि त्याचा रिले, असं एकत्र बिल आलं. आधीचा मालक खोटं बोलला नव्हता. मी सस्पेन्शनबद्दल विचारलंच नव्हतं आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर कशी दिसते ते पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी जुनी गाडी सकाळीच बघतो. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवायचा. थंड असलं पाहिजे. मालकाने "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली" असं सांगितलं तर राग न धरता दुसऱ्या दिवशी परत यायचं. मग चारही चाकांवरची फट बोटांनी मोजायची, गाडीच्या मागे उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी इंजिन सुरू करायला सांगायचं. पहिले दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका. टायमिंग चेन (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) सैल झाली असेल किंवा तिचा टेन्शनर गेला असेल तर त्याच क्षणी खडखड येते आणि ऑइलचं प्रेशर बनलं की थांबते. गरम इंजिनवर ती कळत नाही. एग्झॉस्टमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो संशयाच्या फेऱ्यात. ज्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांत टर्बो सिलिंडरच्या दोन्ही रांगांच्या मधल्या खोलगट जागेत बसवलेला असतो, तिथे उष्णता कोंडून व्हॉल्व्हचे सील लवकर कडक होतात. एवढ्यासाठीच जुन्यात व्ही-८च्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

इंजिनाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या १२,००० किलोमीटरबद्दल बोलू. हे रनिंग दिवसाला सरासरी ३३ किलोमीटर पडतं. तो एकच सलग प्रवास असेल तर गोष्ट वेगळी आणि पाच-सहा किलोमीटरच्या सहा फेऱ्या असतील तर वेगळी. आधुनिक डिझेलच्या एग्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळून टाकायला त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं आणि तेवढं तापायला गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत जाळणं अर्ध्यावर थांबतं, फिल्टर तुंबतो आणि त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. म्हणून फक्त गावातल्या गावात फिरलेली डिझेल गाडी कमी किलोमीटरची असली तरी मी घेणार नाही. तिच्यापेक्षा हायवेवर दुप्पट पळालेली परवडली.

छोट्या फेऱ्यांचा वापर असेल तर हायब्रिड लेक्सस बघाच. २००५ साली आलेली आरएक्स ४००एच ही पहिली लक्झरी हायब्रिड एसयूव्ही, आणि तिच्यानंतरची ४५०एचही बरीच वर्षं त्याच धर्तीवर राहिली: टर्बो नसलेलं व्ही-६ इंजिन, वेगळा स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, आणि गिअरबॉक्समध्ये बेल्ट किंवा क्लचऐवजी प्लॅनेटरी गिअर. जो भाग गाडीत नाहीच, तो बिघडतही नाही. फक्त मागच्या सीटखाली बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी असते, ती धुळीने किंवा केसांनी बुजलेली नाही ना, हे वाकून बघा. चालवायला ती बीएमडब्ल्यूइतकी धारदार वाटत नाही हे खरं. ते तुम्हाला किती महत्त्वाचं आहे हे तुम्हीच ठरवा.

आता कागदपत्रं. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर समाधान मानू नका, बिलं मागा. बिलावर तारीख असते, किलोमीटर असतात आणि काय बदललं ते लिहिलेलं असतं. डॅशबोर्ड पुष्कळदा सांगतो की ऑइल दोन वर्षांनी बदललं तरी चालेल. ज्या मालकाने तरीही दरवर्षी बदललं, त्याची गाडी घ्यायला मी जास्त पैसे मोजतो. गिअरबॉक्सचं तसंच. बीएमडब्ल्यू, लँड रोव्हर, जॅग्वार अशा अनेक गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्यातलं ऑइल आयुष्यभर पुरतं असं तुम्हाला शोरूममध्ये सांगतील. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा फार तर ८ वर्षांत बदलायला सांगते. तुम्ही गाडी सात-आठ वर्षं ठेवणार, म्हणजे हा खर्च तुमच्याच काळात येणार. भाव करताना तो धरा.

टायर बघताना बहुतेक लोक फक्त नक्षी किती उरली ते बघतात. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते बघा. टायरच्या बाजूला डीओटीच्या पुढे शेवटचे चार अंक असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला दोन नवे, दोन जुने असे टायर लावले की पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा पडतो आणि ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणाऱ्या भागातला) क्लच सतत घासत राहतो. हे तपासायला मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरा. गाडी अडखळत, धक्के देत फिरली तर ट्रान्सफर केस बघायला सांगा. टायरवर बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ अशी खूण असली तर समजायचं की मालकाने काटकसर केलेली नाही.

पॅनोरॅमिक सनरूफ असेल तर चटईखाली हात घाला, वरवर फिरवू नका. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी आत, पायाशी उतरतं. चटई वरून कोरडी लागते आणि खालचा फोम भिजलेला असतो. एकदा मी तो दाबला आणि माझ्या बोटांच्या मधून पाणी वर आलं. अनेक गाड्यांत याच फोमखाली किंवा सीटखाली इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतात, त्यामुळे भिजलेल्या गाडीत आज एक दिवा लागतो, उद्या दुसरा, आणि मूळ कारण महिनोन्महिने सापडत नाही. ती गाडी बाकी सगळ्या बाबतीत उत्तम होती. मी घेतली नाही.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले फॉल्ट वाचणारं यंत्र) लावायला सांगाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की "एकही फॉल्ट नाही" हे उत्तर अपुरं आहे. बघायला येण्याआधी फॉल्ट पुसून टाकणं सोपं असतं. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्याही कोऱ्या होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. बऱ्याचशा मॉनिटरपुढे "अपूर्ण" दिसलं तर नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती. कोणतं, ते विचारा.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, तेही बरोबर न्या. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर आकडा दुप्पट आला तर ओरखडा झाकला असेल, तेवढं चालतं. छताच्या खांबांवर किंवा दारांच्या आतल्या चौकटीवर आला तर गाडी चांगलीच ठोकलेली आहे, निघून या. पुढची काच बदललेली असेल तर काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) केल्याचं बिल मागा. लेन आणि ब्रेकच्या सुरक्षा यंत्रणा त्याच कॅमेऱ्यावर चालतात.

हे सगळं तुम्ही केलंत तरी गाडी एकदा लिफ्टवर चढवून त्या ब्रँडचं काम रोज करणाऱ्या, विक्रीशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला दाखवाच. विकणारा त्याला नाही म्हणाला तर तिथेच विषय संपला.

नवी कधी घ्यावी? दहा-बारा वर्षं ठेवायची असेल तर घ्या. सुरुवातीच्या वर्षांत किंमत सर्वांत झपाट्याने उतरते आणि ती घट लांबच्या मुदतीत विरून जाते. पण नव्या पिढीचं मॉडेल बाजारात येताच पहिल्या वर्षी घेऊ नका. फेसलिफ्टनंतरचं (त्याच पिढीत मधेच किरकोळ बदल करून आणलेलं) घेतलं तर सुरुवातीचे दोष बरेचसे निघालेले असतात. जुन्यातही हाच नियम लावा. आणि जुनी घेताना कंपनीची उरलेली वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर येते का, ते लेखी घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटी घेत असाल तर तिच्यात काय धरलं आहे त्यापेक्षा काय वगळलंय ते पान आधी वाचा.

मोठी गाडी जास्त सुरक्षित असं तुम्हाला वाटतं, त्याबद्दल. २०१७ सालच्या युरो एनकॅप (युरोपातल्या गाड्यांच्या सुरक्षेच्या) चाचण्यांत एक्ससी-६०ला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी ९८ टक्के गुण मिळाले होते आणि ती काही मोठ्या वर्गातली नव्हे. चाचण्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे वेगवेगळ्या सालांतले पाच तारे एका पंक्तीत मांडू नका. चार माणसांना हा वर्ग पुरतो. मुलं आणि मोठी माणसं यांना मागच्या सीटवर बसवूनच टेस्ट ड्राइव्ह घ्या, कारण सात-आठ वर्षं तिथे तेच बसणार आहेत.

व्हेरियंट निवडताना १९ इंची चाकं आणि साधं स्टीलच्या स्प्रिंगचं सस्पेन्शन असलेली गाडी मिळाली तर तिला पहिला मान द्या. २१ इंची चाकं दिसायला देखणी, पण टायर महाग आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती कायमची.

तुमची रोजची एक फेरी किती किलोमीटरची होते आणि गाडी किती वेळा लांब जाते, ते खाली लिहा. पेट्रोल, डिझेल की हायब्रिड हे त्यावरच ठरेल. एखाद्या गाडीची सर्व्हिसची बिलं हाती आली असतील तर त्यातल्या तारखा आणि किलोमीटरही लिहा, मी बघून सांगतो.