पण चांगले दिवस कसे होते?

"ताई, मूड तर आमचापण बदलतो. मग ह्यांनाच आजार कसा?"

शेजारी नवरा मान खाली घालून बसलेला. होळीपासून दुकानाचं शटर त्याने उघडलं नव्हतं. अंघोळसुद्धा आईने मागे लागल्यावर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) साडेसातीचे उपाय करून झाले होते. गावातले डॉक्टर नैराश्याची गोळी देऊ म्हणाले, त्याआधी ही मंडळी समुपदेशनासाठी माझ्याकडे आली.

वाईट दिवसांबद्दल सगळेच सांगतात. मी विचारलं, "त्याआधी कसे होते?"

"एकदम मस्त!" बाई खुलल्या. दिवाळीत दोन-अडीच आठवडे जेमतेम तीन तास झोप, तरी ताजेतवाने. रात्री दोनला दुकान रंगवायला घेतलं. दोन जुने टेम्पो कर्जाने उचलले, तिसऱ्याचा इसार दिला. बोलायला लागले की मध्ये कुणाला शब्द घालता येत नसे. "आम्हाला वाटलं, पोरगा धंद्याला लागला," सासूबाई म्हणाल्या.

अशा उन्मादाला, म्हणजे मन अति वेगाने धावण्याला, आपल्याकडे कर्तबगारी समजतात, म्हणून तो कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. आपली चिडचिड चहा पिऊन झाला की ओसरते. बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्याच्या लाटा येणारा आजार. त्यातली उन्मादाची लाट सहसा आठवडाभर तरी टिकते, सौम्य असली तर निदान चार दिवस. नैराश्य निदान दोन आठवडे. मी सगळ्यात आधी झोपेबद्दल विचारते. झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं.

आजाराचं निदान करणं माझं काम नाही. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवताना दिवाळीची हकिगत मुद्दाम लिहून दिली, कारण नुसती नैराश्याची गोळी अशा माणसाला कधीकधी उलट उन्मादात ढकलते. त्यांनी लिथियम सुरू केलं. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. औषध जुनंच, पण रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड तपासत राहावं लागतं. माझ्याकडे राहिली झोपेची वही आणि टेम्पोचे हप्ते. बँकेचं कार्ड आता बायकोकडे असतं, हे त्याने स्वतःच सुचवलं.

पुढच्या आषाढीच्या आधी नवा प्रश्न आला: वारीला जाऊ का? मला भीती पावसापेक्षा उन्हाची. घाम जाऊन शरीर कोरडं पडलं की लिथियमची पातळी चढते. पाय दुखले म्हणून मनाने आयब्युप्रोफेन घेतली तरी तेच. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला तर लगेच डॉक्टर. त्यात मुक्कामाची अर्धवट झोप. डॉक्टरांशी बोलून ठरलं, सासवड ते जेजुरी एकच टप्पा, पाण्याची बाटली सोबत आणि रात्री घरी.

त्या दिवशी साडेनऊला बाईंचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"झोपलेत."