साध्या सर्दीनं मुलांचा दमा इतका का उसळतो?

सर्दी झाली की दोन दिवसांत मुलाची छाती घरघरते, निळ्या पंपानं (तातडीच्या आरामाच्या इनहेलरनं) मोकळं वाटतं, पण तीन-चार तासांत पुन्हा धाप लागते. असं का, हे तुम्ही विचारलंय. मी दम्याची मुलं तपासते. आधी एक सांगते: पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, बोलताना वाक्य तुटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर हे उत्तर वाचत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता कारण. ब्रिटनमध्ये 9 ते 11 वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमा उसळला तेव्हा सुमारे 80 टक्के वेळा विषाणू सापडले. त्यात सर्वाधिक ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे नेहमीच्या सर्दीचाच. तो श्वासनलिकेच्या अस्तरात शिरतो. त्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात आणि इओसिनोफिल, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो, भोवतीचे स्नायू आवळतात. मुलाला ॲलर्जी असेल तर ही आग जास्तच भडकते, कारण विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन अशा मुलांत बरेचदा कमी किंवा उशिरा तयार होतं.

शिवाय लहान मुलांच्या नळ्या मुळातच अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, जवळपास सोळापट वाढतो! म्हणून मोठ्यांना नुसतं नाक गळतं त्या सर्दीत मूल धापा टाकतं.

निळा पंप फक्त आवळलेले स्नायू सैल करतो. सूज आणि कफ तसेच राहतात, म्हणून त्रास परततो. सूज दाबतो तो रोजचा स्टिरॉइडचा पंप, आणि बरं वाटलं की नेमका तोच बंद केला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी दिला असेल तर ठणठणीत असतानाही चालू ठेवा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या आणि नंतर चूळ भरायला लावा. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग होत नाही. सर्दी सुरू होताच कोणतं औषध किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. शाळेतही त्याची एक प्रत द्या.