साथीत मयत हिसकावून नेलं, तर लोक ते लपवणारच

प्रश्न : डॉक्टरसाहेब, पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोलाची साथ आली, तेव्हा नको म्हटलं तरी लोक मयताला अंघोळ घालत आणि आरोग्य पथकांना गावातून पिटाळत. अशा वेळी सरळ पोलिसी बळ का वापरू नये? — एक वाचक, सातारा

उत्तर : ते वापरून झालं होतं. लायबेरिया सरकारने ऑगस्ट २०१४ मध्ये राजधानी मोनरोव्हियातली इबोलाची मयतं जाळायचा हुकूम काढला. तुम्हा-आम्हाला त्यात वावगं वाटणार नाही. पण तिथे दर मार्चमध्ये एक दिवस घरची माणसं कबरस्तानात जातात, पूर्वजांच्या कबरी घासूनपुसून रंगवतात. कबरच नसेल तर त्यांनी जायचं कुठे? उद्या तुमच्या आईला अग्नी न देता परस्पर पुरलं, अस्थीही दिल्या नाहीत, तर तुम्ही गप्प बसाल? तिथल्या लोकांनी आजारी माणसं घरात दडवली, मयतं गुपचूप पुरली. साथ आणखी पसरली.

धोका खराच होता. इबोलाने माणूस दगावतो तेव्हा त्याच्या अंगात विषाणू सर्वाधिक असतात, म्हणून अंघोळ घालणाऱ्यालाच लागण होई. पण चेहराही न दिसणारी परकी माणसं येणार, फवारणी करणार, मयत काळ्या पिशवीत घालून नेणार, अन् कुठे नेलं हे घरच्यांना कळणारही नाही! फवारणीतूनच रोग पसरवतात, अशी अफवा उठली. शेजारच्या गिनी देशातल्या वोमे गावात सप्टेंबरमध्ये जनजागृतीला गेलेल्या आठ जणांची हत्या झाली. तिचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण तो राग बंदुकीने शमला नसता.

नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इमाम-पाद्र्यांशी बोलून दफनाची नवी पद्धत ठरवली. मुस्लिम मयताला पाण्याऐवजी तयम्मुम, म्हणजे कोरड्या मातीने करायची प्रतीकात्मक शुद्धी, पिशवी पांढरी, घरच्यांना लांबून प्रार्थना, कबरीवर नाव. फक्त स्पर्श टाळला, बाकी बरंच राहू दिलं. डिसेंबरअखेर मोनरोव्हियाबाहेर डिस्को हिलला दफनभूमी मिळाली आणि दहन थांबलं.

आपल्याकडेही कोरोनात केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांत पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवायची, हात न लावता पाणी शिंपडायची मुभा होती. तरी पुष्कळ ठिकाणी पिशवी बंदच राहिली, याचं मला आजही फार वाईट वाटतं. आमच्या तालुक्यात आम्ही मयताच्या मुलाला किट घालून चार हातांवर उभं करायचो, कर्मचारी चेन उघडायचा. नंतर तीच कुटुंबं आपणहून तपासणीला आली.