बेसबॉलचा नवा चाहता, आणि सामने बंद असताना खेळाडूंचे सौदे होतात त्या पहिल्याच हिवाळ्यात संघावर चिडलायस?

राग येणारच. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने फेब्रुवारी २०२० मध्ये आपला स्टार खेळाडू मुकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला दिला, ते मला आजही पटलेलं नाही. त्याच वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकले!

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- खेळाडू गेला की आधी बघ, कराराची किती वर्षं उरली होती. बेट्सचं एकच उरलं होतं. करार संपला की खेळाडू मोकळा होऊन निघून जाऊ शकतो, म्हणून संघ आधीच सौदा करतो. निम्मा उलगडा तिथेच होतो.
- संघ स्वतः सौदा जाहीर करेपर्यंत अफवांवर झोप उडवून घेऊ नकोस. नवे लोक इथेच फसतात.
- बदल्यात आलेल्या पोरांवर राग काढू नकोस. त्या सौद्यातला कॉनर वाँग पुढे बॉस्टनचा नेहमीचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) झाला.

लक्झरी टॅक्सची (पगारांची ठरलेली मर्यादा ओलांडली की संघाला भरावा लागणारा कर) आकडेमोड सध्या राहू दे. फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंग (हंगामाआधीचा सराव) सुरू झालं की आधी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, कोण आहेत ते बघ.