पायाची नस ब्लॉक, मग भूल कुठली?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, वडील 67 वर्षांचे, शुगर खूप वर्षांची आणि विडी तर त्याच्याही आधीपासूनची. शंभर पावलं चालले की पोटरी धरते, खाली बसावं लागतं, अंगठ्याजवळची जखम दोन महिने झाले भरत नाहीये. मांडीतली नस ब्लॉक निघाली, बायपास सांगितलाय. तीन वर्षांपूर्वी हार्टला स्टेंट टाकलाय, रक्त पातळ ठेवायला क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू आहे. शेजारचे काका म्हणतात पूर्ण भूल दिली की म्हातारं माणूस उठत नाही, कमरेतलंच इंजेक्शन मागा. आत्या म्हणते त्याने जन्माची कंबरदुखी लागते. नक्की काय मागायचं?
एक वाचक, मिरज

उत्तर : काका आणि आत्या, दोघांनाही चहा पाजून गप्प बसवा. पायाच्या बायपासला कमरेतल्या भुलेने जास्त माणसं वाचतात की पूर्ण भुलेने, असं ठामपणे कुणी दाखवू शकलेलं नाही. आणि सुईच्या जागी थोडे दिवस दुखतं, पण जन्माची कंबरदुखी त्याने लागत नाही.

मग ठरतं कशावर, तर बऱ्याचदा त्या क्लोपिडोग्रेलवर. रक्त पातळ असताना मणक्यात सुई घातली आणि आत रक्त साचलं तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात, असं क्वचितच होतं पण झालं तर काही तासांतच ऑपरेशन करून तो दाब काढावा लागतो. म्हणून कमरेतल्या भुलेआधी ही गोळी 5 ते 7 दिवस बंद हवी. ॲस्पिरिनची एवढी अडचण नसते. पण हे वाचून उद्यापासून गोळी बंद करू नका हं! स्टेंट आहे, तेव्हा हार्टवाले डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिघांनी मिळून ठरवायचं, आणि गोळी थांबवता येत नसेल तर सरळ पूर्ण भूल. वॉर्डात पोटावर हेपरिनचं, म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात, शेवटचं किती वाजता दिलं तेही विचारून लिहून ठेवा, कारण नव्या प्रकारच्या हेपरिनचा (एनॉक्सापॅरिन वगैरे) पूर्ण डोस असेल तर तो डोस आणि कमरेतली सुई यांच्या मध्ये 24 तास जावे लागतात.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. छातीत दुखत नाही असं तुम्ही सांगाल, पण जो माणूस शंभर पावलांत बसतो त्याच्या हार्टवर लोड येतोच कधी? पायाची नस खराब म्हणजे हार्टची, मेंदूची, किडनीची कमीजास्त खराब असणारच असं धरून आम्ही चालतो. अशा अरुंद नसांचं वरच्या मजल्यावरच्या नळासारखं आहे, टाकीतलं प्रेशर जरा उतरलं की पहिलं पाणी तिथलं जातं. भूल कुठलीही द्या, बीपी पडू शकतं, त्यामुळे मनगटाच्या नसेत बारीक नळी घालून ते क्षणाक्षणाला बघतात. आणि एक, बीपी दोन्ही हातांवर मोजायला सांगा. अशा पेशंटला कधीकधी खांद्याकडची नसही अरुंद असते, मग त्या हाताचं बीपी खोटंच कमी दिसतं. खरं धरायचं ते जास्त आलेलं.

बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर विचारल्याशिवाय थांबवू नका. शुगरच्या गोळीच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येत असेल तर मात्र लगेच सांगा, ती साधारण 3 दिवस आधी बंद करतात. सगळ्यात सोपं म्हणजे गोळ्यांची पिशवीच उचलून घेऊन जा. आणि विडी आजच बंद, 'ऑपरेशननंतर सोडतो' वगैरे नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात बराच उतरतो.

प्रश्न : पायावर फुगलेल्या हिरव्या नसा आहेत, लेझर सांगितलंय. मलाही हे सगळं लागू का?
एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : नाही हो. तुमच्या त्या व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे अशुद्ध रक्ताच्या नसा. वरचे गृहस्थ शुद्ध रक्ताच्या नसांचे पेशंट. लेझरला बहुतेक वेळा नसेभोवती भुलेचं पातळ पाणी टोचत जातात, सोनोग्राफीवर बघत बघत, आणि त्याच दिवशी चालत घरी सोडतात. पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेवढं आधी सांगा.